भाऊबीजेची मॅच

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मला अचानक दुसरं काहीतरी काम आठवतं.

आधीच सांगून ठेवतो — गोष्ट एका गेमची आहे. चाळिशीला टेकलेला माणूस, बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ कॉमर्सचे क्लास चालवणारा, ज्याला रस्त्यात पोरं ‘नमस्ते सर’ म्हणतात — आणि त्याच्या मनाला काय खातंय, तर फायटिंग गेम! हसा, खुशाल हसा. मीसुद्धा इतके दिवस स्वतःला हेच ऐकवत आलो, की अरे, गेमच तर आहे. गेमच असता तर मी हे लिहायला बसलो असतो का?

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इतवाऱ्यात माझी स्कूटर घसरली आणि उजवा पाय मोडला. दीड महिना प्लास्टर. क्लासला सुट्टीच होती, घरात पंख्याखाली पडून मी सगळ्यांवर खेकसत होतो. तेव्हा मीनल आली. मीनल माझी धाकटी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. खंडव्याला एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते, तिथेच खोली घेऊन एकटी राहते. येताना तिने दराब्याची मिठाई आणली नाही, फळं आणली नाहीत — आपला जुना लॅपटॉप आणि एक कंट्रोलर आणला. म्हणाली, “दादा, तू घरच्यांचं डोकं खाऊ राहिला. त्यापेक्षा हे खेळ.”

खेळ साधा होता, म्हणजे दिसायला साधा. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, दोघांच्या वर एकेक पट्टी. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की हरलात. नेट जोडलेलं असलं की ती खंडव्यात आणि मी बुऱ्हाणपुरात, तरी आमची माणसं एकमेकांना बडवू शकतात. मीनलकडे भालेवाली एक बाई होती. मी एक जाडजूड पहिलवान निवडला, कारण तो जाड होता. नवीन माणूस असंच निवडतो, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी दुपारी मी तिच्याकडून बावीस वेळा हरलो. तिने मोजलं नाही, मी मोजलं.

ती मात्र शिकवत राहिली. फोन स्पीकरवर ठेवून, मॅच चालू असताना. “दादा, तू सारखा कूदतो कशाला? जमीनवर रह ना. कूदला की मेला.” मग — “मारायचं बाद में. पहले अडवायला शिक.” मी धडाधड बटणं दाबायचो, ती दोन पावलं मागे सरून नुसती थांबायची, माझा वार हुकला की एकच टोला. थांबणं हाच तिचा सगळा खेळ होता. इतकं शांत थांबणारं माणूस मी पाहिलेलं नाही. घरात ज्या मुलीला आम्ही धांदरट म्हणायचो, ती पडद्यावर माझी चूक होण्याची वाट बघत अशी उभी राहायची, की मलाच घाम फुटायचा.

आणि हरल्यावर काय करायचं, तेही तिनेच शिकवलं. मॅच गेममध्ये साठवलेली असते, ती पुन्हा बघायची, आपण कुठे मार खाल्ला ते शोधायचं, एका दिवशी एकच चूक सुधारायची. “माणूस आपल्याशी खोटं बोलतो दादा, रिप्ले नाही बोलत,” असं ती म्हणायची. मी वहीत लिहून ठेवत होतो. पहिला आठवडा — उडी नाही. दुसरा आठवडा — खालचा वार बसून अडवणे. तिसरा — पडल्यावर उठता उठता बटण न दाबणे. एक तीन टोल्यांची जोडणी मी डाव्या बाजूने वीस वेळा, मग उजव्या बाजूने वीस वेळा अशी रोज घोटली. आणि सुधारलो हो मी! प्लास्टर निघालं तोवर अनोळखी लोकांशी दहातल्या पाच मॅच जिंकायला लागलो. फक्त मीनलशी नाही. तिच्याशी हरतच होतो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी — मुख्य कबुली नव्हे, तिच्या वाटेवरची. आमच्या घरात हुशार मी होतो. मीनलला गणित मी शिकवलं, म्हणजे तिच्यावर ओरडलो. बारावीत तिचं गणित राहिलं तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले होते, “हिच्याने नाही होणार.” रागाने नाही, अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मग ते वाक्य घरात रुळलंच. ती स्कूटर शिकायला निघाली — हिच्याने नाही होणार. एकटी खंडव्याला निघाली — हिच्याने नाही होणार. ती दर वेळी हसायची. हसताना डाव्या हाताने ओढणी चुरगळायची, हे फक्त मला दिसायचं. मग अशा मुलीकडून मी हरावं? तेही तिने प्रेमाने शिकवत असताना? एखाद्या मॅचला शेवटी तिची बाई उगीच स्तब्ध उभी राहायची आणि मी जिंकायचो. मला कळायचं की ती मला एक मॅच देतेय. हरण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

म्हणून मी दुसरं खातं काढलं. नाव ठेवलं — शमशेर.

सुरुवातीला हेतू वाईट नव्हता, असं म्हणायचा मोह होतोय. होता की नव्हता, मलाच माहीत नाही. तिने दया न दाखवता माझ्याशी खेळावं एवढंच हवं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शनिवारी तिची अर्धी सुट्टी. दुपारी ती ऑनलाइन दिसली की शमशेर तिला मॅच मागायचा. बायकोला वाटायचं मी पेपर तपासतोय.

शमशेर पहिल्या दिवशी हरला. पण शमशेरकडे असं काही होतं जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मीनलचे दोन महिन्यांचे रिप्ले आणि मीनल स्वतः. रविवारी दादा म्हणून मी तिला विचारायचो, “कोपऱ्यात अडकल्यावर तू काय करते गं?” आणि ती सगळं सांगायची. दोन वार अडवले की ती पकडायला हात घालते. पट्टी पाव राहिली की ती हलायचं बंद करते. शिष्याला गुरूने सांगावं तसं भरभरून सांगायची. आणि पुढच्या शनिवारी शमशेर ते सगळं वापरायचा.

तिसऱ्या शनिवारपासून ती हरायला लागली. एकदा, दोनदा, मग सलग सात-आठदा. मी किती खूश होतो, हे लिहायला हात धजत नाही. क्लासमध्ये फळ्यावर ताळेबंद लिहिताना मध्येच हसू यायचं. जिंकल्यावर शमशेरचा गडी तिच्या पडलेल्या बाईसमोर शड्डू ठोकायचा — तसं एक बटण आहे, चिडवायचं. ते मी दर वेळी दाबायचो. आणि रविवारी तिचा फोन — “दादा, एक शमशेर म्हणून आहे. असा खेळतो, जसा काही मला सालों से ओळखतो.” मी विचारलं, “कोण असेल गं?” अगदी असंच विचारलं. आवाजात काळजी घालून.

एका शनिवारी हरल्यावर तिने शमशेरला लिहिलं, ‘बहुत अच्छा खेलते हो. मैं कहाँ गलती कर रही हूँ?’

कोण विचारतं असं? हरवणाऱ्या अनोळखी माणसाला, इतक्या साधेपणाने? मी रोज चाळीस मुलांना शिकवतो. चुकलेल्या मुलाने ‘कुठे चुकलं’ म्हणून विचारलं तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला माहीत नाही का? शमशेरने लिहिलं, ‘आप रहने दो. आपसे नहीं होगा.’

ते वाक्य मी शोधलं नव्हतं. घरातलंच होतं, फक्त हिंदीत घातलं. ते कुठे लागेल, हे जगात मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. तरी लिहिलं — खरं तर म्हणूनच लिहिलं.

वाटलं ना, हीच कबुली? मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं की इथेच काय ते वाईट झालं. पण पुढचं ऐका.

दिवाळीला मीनल घरी आली. बायको तिच्या भावाकडे गेली होती. भाऊबीजेला सकाळी पाटाभोवती रांगोळी, मी टोपी घालून बसलेलो, आई-बाबा बाजूला. मीनलने ओवाळलं, तबक हातातच धरून उभी राहिली. मी साडीची पिशवी पुढे केली, तर तिने ती घेतलीच नाही. म्हणाली, “साडी नको दादा. ओवाळणीत एक मॅच दे. त्या शमशेरला हरव.”

बाबा हसले. आईला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण तबक घेऊन ताटकळलेली लेक तिला कळते. “हाव म्हन ना रे. भाऊबीजेले मांगू राहिली ती,” आई म्हणाली. आणि मीनल एकदम हळू आवाजात, बाबांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “मी इंदूरच्या टूर्नामेंटमध्ये नाव दिलंय. पुढच्या महिन्यात आहे. पण तो डोक्यातून जातच नाही रे. तो हरू शकतो, एवढं एकदा बघायचंय.”

तेव्हा सांगता आलं असतं. समोर निरांजन, कपाळाला तिने लावलेलं कुंकू, आणि मी फक्त म्हणायचं होतं — मीनल, शमशेर मीच. ती रडली असती, चिडली असती, आईने मला चार शिव्या घातल्या असत्या, आणि संध्याकाळी आम्ही फराळ केला असता. मी काय म्हणालो? “दिली.”

दोन दिवसांनी भर दुपारी मी क्लासचं ऑफिस उघडलं, आतून कडी लावली. टेबलावर क्लासचा कॉम्प्युटर, शेजारी लॅपटॉप. एकावर शमशेर, एकावर मी. उजव्या हातात कंट्रोलर, डावा हात कीबोर्डवर. माझ्याच उजव्या हाताने माझ्या डाव्या हाताला हरवायचं होतं — आणि ते खरं वाटायला हवं होतं, कारण मीनल रिप्ले बघणार. पहिल्यांदा शमशेर नुसताच उभा राहिला, ते कुणालाही कळलं असतं. दुसऱ्यांदा चुकून शमशेरच जिंकला. एकटा असूनही मला लाज वाटली. मग उठून पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा जमवलं. त्यात माझा पहिलवान अडवणं वगैरे काही करत नाही, सरळ अंगावर जातो, आणि शमशेर गोंधळल्यासारखा मागे मागे सरतो. एका हाताने त्याहून जास्त जमण्यासारखंच नव्हतं. मग घरी येऊन मी खंडव्याला परतलेल्या मीनलला ती मॅच पाठवली, खाली लिहिलं — तुझी ओवाळणी.

तिचा फोन लगेच आला. ती ओरडत होती, “दादा! तो घाबरला रे तुला!” तिच्या आवाजात किती आनंद होता. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

मला वाटलं, संपलं. मीनल खूश, शमशेर बंद, प्रकरण मिटलं. मी एक विसरलो होतो — हरल्या-जिंकल्यावर रिप्लेचं काय करायचं, हे तिनेच मला शिकवलं होतं. ती मॅच तिने कितीदा बघितली असेल कोण जाणे. तिने त्यातून धडा काढला. “मला समजलं दादा. मी फार थांबते. तू थांबलाच नाही, सीधा घुसला. असंच खेळायला पाहिजे.” आणि महिनाभर ती तसंच घोटत राहिली. वीस वेळा डावीकडून, वीस वेळा उजवीकडून. माझ्या खोट्या मॅचमधून ती तिची सगळ्यात चांगली गोष्ट मोडायला शिकत होती, आणि मी फोनवर म्हणत होतो, “बरोबर आहे.”

इंदूरला मी सोबत गेलो. शेवटी तिने घरी सांगितलं, तेव्हा बाबांची अट होती, दादा बरोबर असेल तरच. सकाळच्या बसला मी बसलो, खंडव्याला ती चढली. निळा कुर्ता, कंट्रोलर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत. रस्ताभर बोलत होती. कुठल्याही स्पर्धेत नाव द्यायची तिची ही पहिलीच वेळ. शाळेत चमचा-लिंबूतसुद्धा ती कधी उतरली नव्हती.

एका मॉलच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. नियम असा की दोनदा हरलात की बाहेर. पहिल्या मॅचला ती बसली आणि सुरू होताच सरळ अंगावर गेली. समोरचा मुलगा शांतपणे मागे सरायचा, तिचा वार हुकला की टोला मारायचा. म्हणजे तो तिच्यासारखा खेळत होता आणि ती माझ्यासारखी. तीसुद्धा खऱ्या माझ्यासारखी नाही, त्या कडी लावलेल्या ऑफिसातल्या माझ्यासारखी. मॅच लगेच संपली.

दुसऱ्या मॅचला अर्धा तास होता. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. तिने चहा घेतला नाही. ओढणी नव्हती, म्हणून कुर्त्याचं टोक डाव्या हाताने चुरगळत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “दादा, काय चुकतंय? तूच सांग. तू त्याला हरवलं ना.”

मला उत्तर येत होतं. पाठ होतं. थांब. तू आधी थांबायचीस तशी थांब, दोन पावलं मागे सर, त्याला चुकू दे. तिचंच शिकवणं तिला दोन वाक्यांत परत द्यायचं होतं आणि अजून अर्धा तास हातात होता. पण मी ‘थांब’ म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, की मग त्या मॅचमध्ये तू का नाही थांबलास? तो मागे का सरत होता? आणि मला खात्री होती, तिथे पायरीवर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं असतं. माझं पितळ उघडं पडू नये, एवढ्यासाठी मी माझ्या बहिणीला म्हणालो, “काही चुकत नाहीये. अजून जोरात जा.”

हे ते. हेच सांगायचं होतं.

ती अजून जोरात गेली. माझ्यामागे बसलेल्या दोन पोरी तिच्या एका हुकलेल्या वाराला हसल्या. मी वळून बघितलंसुद्धा नाही.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, “मजा आली दादा. एकदा अनुभव घ्यायचा होता, घेतला.” बडवाहच्या पुढे तिने आपली पिशवी उघडून कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. तुझा जुना झालाय, हा घे, म्हणाली. खंडव्याला उतरताना हात हलवला. घरी आईने विचारलं तर मी सांगितलं, छान खेळली, लोक फार तयारीचे होते. बाबा म्हणाले, हिच्याने नाही होणार, मी म्हटलंच होतं. मी जेवत होतो.

त्यानंतर ती खेळलेली नाही. भाऊबीजेला अजून येते, ओवाळते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की माझ्या दादाने माझ्यासाठी एकाला कसं लोळवलं होतं. मी हसतो. मी अजून खेळतो. बराच वर गेलोय, तिच्याही वर. तिच्याच कंट्रोलरने.

गेल्या वर्षी, निदान शमशेर तरी पुसून टाकू म्हणून मी ते खातं उघडलं. त्या खोट्या मॅचनंतर एकदाही उघडलं नव्हतं. आत मीनलचे दोन मेसेज होते. दोन्ही इंदूरच्या दिवशीचे. पहिला सकाळी, बसमधून, म्हणजे मी तिच्या शेजारी बसलेलो असताना लिहिलेला. ‘आज मेरा टूर्नामेंट है. आपसे हारकर बहुत सीखा. थैंक यू.’

दुसरा संध्याकाळचा. मला ‘मजा आली’ म्हणाली, त्यानंतरचा. ‘आप सही थे. मुझसे नहीं हुआ.’

माझ्यापासून जे लपवलं, ते तिने त्याला सांगितलं होतं. दोन्ही मेसेज उघडले, त्यामुळे त्यांच्याखाली आता ‘वाचला’ अशी खूण आलेली आहे. खातं मी पुसलेलं नाही. उत्तरही दिलेलं नाही.